‘पॉवरसीएफजी’: स्लीपमध्ये न जाणाऱ्या डेस्कटॉपसाठी विंडोजमधलेच तपासणीसाधन

डेस्कटॉप संगणक ठरवून दिलेल्या वेळेनंतर आपोआप स्लीपमध्ये जात नाही, ही तक्रार जितकी जुनी आहे तितकेच तिच्यावर सुचवले जाणारे उपाय मोघम आहेत. ड्रायव्हर अद्ययावत करा, बायोस अद्ययावत करा, पॉवर प्लॅन मूळ स्थितीत आणा आणि काहीच जमले नाही तर विंडोज पुन्हा टाका, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. पण संगणकाला जागे कोण ठेवत आहे, हा साधा प्रश्न त्यातल्या एकाही पायरीवर विचारला जात नाही. तो विचारण्याची सोय विंडोजमध्येच आहे. ‘पॉवरसीएफजी’ (powercfg) ही आज्ञा विंडोज एक्सपीच्या काळापासून सोबत येते आणि तिचा या कामासाठी सर्वांत उपयोगी असलेला ‘/रिक्वेस्ट्स’ (/requests) हा पर्याय विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून उपलब्ध आहे. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. या साधनाचे हे परीक्षण त्या एकाच कामापुरते आहे. लॅपटॉपची बॅटरी किती टिकते, याचा अहवालही ते देते, पण तो विषय येथे नाही.

माझे मत आधीच नोंदवतो. आपोआप स्लीप होत नसेल तर इतर कशालाही हात लावण्यापूर्वी ही आज्ञा चालवावी, कारण ती अंदाजाच्या जागी पुरावा देते. मात्र तिचे उत्तर म्हणजे हजेरीपटासारखे असते. जो स्वतःहून ‘हजर’ म्हणतो त्याचेच नाव लागते, आणि गुपचूप बसलेला कोणी असेल तर त्याची नोंद होत नाही. हे ओळखून वापरले तर साधन उत्तम आहे. न ओळखता वापरले तर ते दिशाभूलही करू शकते.

वापरायला ते सोपे आहे असे म्हणता येणार नाही. खिडकी नाही, बटणे नाहीत, सगळे टाइप करून करायचे. टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ हा पर्याय निवडून उघडावा लागतो. तसे न केल्यास ‘/रिक्वेस्ट्स’साठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात, एवढे सांगून आज्ञा थांबते. केवळ माहिती वाचण्यासाठी इतके अधिकार का लागावेत, हा प्रश्न रास्त आहे. घरातील ज्या सदस्याच्या खात्याला हे अधिकार नाहीत, त्याला आपला संगणक जागा का आहे हे पाहतासुद्धा येत नाही.

तपासणीला बसण्यापूर्वी तक्रार नेमकी कोणती आहे हे ठरवणे आवश्यक आहे, कारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने सांगितल्या जातात. पडदा बंद होतो पण पंखे चालूच राहतात, ही एक. संगणक स्लीपमध्ये जातो आणि काही सेकंदांत पुन्हा उठतो, ही दुसरी. आणि तो मुळात स्लीपकडे वळतच नाही, ही तिसरी. स्टार्ट मेनूतून हाताने स्लीप निवडून पाहिले की यातला गुंता पुष्कळसा सुटतो. तसे केल्यावर संगणक नीट झोपला आणि झोपूनच राहिला, तर मदरबोर्ड, वीजपुरवठा आणि बायोस यांच्यावर संशय घेण्याचे फारसे कारण उरत नाही. अडचण निष्क्रिय वेळ मोजण्याच्या व्यवस्थेत किंवा संगणक जागा ठेवावा म्हणून एखाद्या प्रोग्रॅमने वा ड्रायव्हरने विंडोजला केलेल्या विनंतीत आहे. हाताने निवडूनही स्लीप होत नसेल, किंवा मेनूत तो पर्यायच दिसत नसेल, तर ‘/ए’ हा पर्याय वापरावा. संगणकाला कोणत्या निद्रावस्था उपलब्ध आहेत आणि ज्या नाहीत त्या का नाहीत, हे तो सांगतो. ग्राफिक्स कार्डाचा खरा ड्रायव्हर बसवलेला नसेल आणि विंडोज आपल्या मूलभूत ड्रायव्हरवर चालत असेल, तर ‘एस३’ ही अवस्था अनुपलब्ध असल्याचे आणि तिला ग्राफिक्सने अडवल्याचे येथे स्पष्ट दिसते. एस० ते एस५ या अवस्थांची ही भाषा १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एसीपीआय’ या वीजव्यवस्थापनाच्या मानकातून आलेली आहे. डेस्कटॉपवर नेहमीची स्लीप म्हणजे बहुधा एस३, ज्यात मेमरीला वीज मिळत राहते आणि प्रोसेसर बंद होतो.

दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीसाठी, म्हणजे झोपून लगेच उठणाऱ्या संगणकासाठी, ‘/लास्टवेक’, ‘/वेकटायमर्स’ आणि संगणकाला उठवण्याची परवानगी असलेल्या उपकरणांची यादी देणारा ‘/डिव्हाइसक्वेरी’ हे पर्याय आहेत. येथे त्यांचा उल्लेख पुरेसा आहे. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन माऊस, कीबोर्ड आणि नेटवर्क कार्डाची ‘संगणकाला जागे करण्याची परवानगी’ काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु ती परवानगी झोपलेल्या संगणकाला उठवण्याविषयी आहे. जो झोपतच नाही त्याच्यावर तिचा परिणाम होत नाही.

यानंतर वेळेची सेटिंग तपासायची. हे काम सेटिंग्जच्या खिडकीतून होते, पण तेथे दिसणारा आकडा आणि प्रत्यक्ष चालू असलेल्या पॉवर प्लॅनमधील आकडा यांची खात्री ‘/क्वेरी’ने करता येते. मदरबोर्डसोबत किंवा गेमिंगच्या उपकरणांसोबत येणारी काही सॉफ्टवेअर परस्पर वेगळा प्लॅन चालू करतात, आणि ‘हाय परफॉर्मन्स’ प्लॅनमध्ये आपोआप स्लीप बंदच असते. या पर्यायाची मांडणी मात्र त्रासदायक आहे. स्लीपची वेळ ‘०x००००००७०८’ अशी दिसते. ही षोडशमान पद्धतीतील संख्या सेकंदांत असते. दशमानात ती १,८०० होते आणि भागाकार केल्यावर कळते की सेटिंग ३० मिनिटांची आहे. तीच वेळ बदलण्यासाठी ‘/चेंज’ वापरले तर आकडा साध्या मिनिटांत द्यायचा असतो. एकाच साधनाने लिहिताना मिनिटे घ्यावीत आणि दाखवताना षोडशमान सेकंद द्यावेत, याचे समर्थन करणे कठीण आहे. सगळी शून्ये दिसली तर स्लीप ‘कधीही नाही’ अशी लावलेली आहे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते.

आता मुख्य पर्यायाकडे वळू. ‘/रिक्वेस्ट्स’ चालवल्यावर डिस्प्ले, सिस्टिम, अवेमोड, एक्झिक्युशन, परफबूस्ट आणि ॲक्टिव्हलॉकस्क्रीन असे सहा विभाग एकाखाली एक येतात. ज्या विभागात कोणाचीही विनंती नसते तेथे ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’, असे लिहिलेले असते. आपल्या तक्रारीसाठी पहिले दोन महत्त्वाचे: पडदा बंद होऊ नये अशी विनंती ‘डिस्प्ले’खाली आणि संगणक झोपू नये अशी विनंती ‘सिस्टिम’खाली दिसते. विनंती करणारा ड्रायव्हर आहे, सेवा आहे की प्रोग्रॅम, हे चौकटी कंसात दिलेले असते. त्यापुढे त्याचे नाव किंवा फाइलचा पत्ता येतो, आणि खालच्या ओळीत बहुतेक वेळा कारणही असते. ही कारणाची ओळ या साधनाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. ब्राउझरच्या एखाद्या टॅबमध्ये व्हिडिओ चालू असेल तर ब्राउझरच्या फाइलचे नाव आणि त्याखाली आवाज किंवा व्हिडिओ चालू असल्याचे कारण दिसते. त्यामुळे ब्राउझर काढून टाकण्याची गरज पडत नाही, तो एक टॅब बंद केला की काम भागते.

प्रत्यक्षात सर्वाधिक वेळा दिसणारी नोंद आवाजाच्या ड्रायव्हरची असते. ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असे नाव आणि खाली ‘ध्वनिप्रवाह सध्या वापरात आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. मी ज्या डेस्कटॉपवर हे साधन मुख्यतः वापरले, त्यावरही हीच नोंद होती आणि त्या वेळी संगणकावर कोणताही आवाज वाजत नव्हता. ड्रायव्हर खोटे बोलत आहे असे अशा वेळी वाटते, आणि म्हणूनच बहुतेक जण तो पुन्हा बसवण्याच्या मागे लागतात. वस्तुतः ड्रायव्हरचे म्हणणे खरे असते: प्रवाह उघडा आहे, त्यातून शांतता वाहत आहे एवढेच. म्हणून पुढचा शोध प्रवाह उघडणाऱ्या प्रोग्रॅमचा घ्यायचा असतो. माझ्या बाबतीत आवाज मिसळण्याच्या एका सॉफ्टवेअरने बसवतानाच मायक्रोफोनच्या गुणधर्मांमधील ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ ही खूण चालू करून ठेवली होती. ही खूण असली की मायक्रोफोनमधून येणारा आवाज अखंडपणे स्पीकरकडे पाठवला जातो आणि प्रवाह कधीच बंद होत नाही. ध्वनीच्या जुन्या नियंत्रण खिडकीतील ‘रेकॉर्डिंग’ या पानावर प्रत्येक उपकरण उघडून ती खूण काढली, आज्ञा पुन्हा चालवली, आणि ‘सिस्टिम’खाली ‘नन’ आले. हे पान सेटिंग्जच्या नव्या मांडणीत सहज सापडत नाही, ही विंडोजविषयीची वेगळी तक्रार आहे.

दुसरी नेहमीची नोंद ‘एसआरव्हीनेट’ या नावाची. दुसऱ्या एखाद्या संगणकाने नेटवर्कवरून या संगणकाकडे नुकतीच मागणी केली आहे, असे तिच्याखाली लिहिलेले असते. सामायिक केलेले फोल्डर, त्यांतील चित्रपट पाहणारा टीव्ही, ठरावीक वेळाने बॅकअप घेणारा लॅपटॉप, अशी तिची कारणे असतात. कोणाचे सत्र उघडे आहे हे पॉवरसीएफजी सांगत नाही. ते पाहण्यासाठी कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधील ‘शेअर्ड फोल्डर्स’ या भागात ‘सेशन्स’ आणि ‘ओपन फाइल्स’ तपासावे लागतात. विंडोज अपडेटच्या सेवेची नोंदही अधूनमधून दिसते. अशा वेळी अद्यतन पूर्ण होऊ द्यावे, संगणक एकदा रीस्टार्ट करावा आणि नोंद तरीही टिकून राहिली तरच पुढे जावे.

खरी कसोटी लागते ती ‘लेगसी कर्नल कॉलर’ या नोंदीने. एखादा ड्रायव्हर जुन्या पद्धतीने विनंती करतो तेव्हा त्या पद्धतीत विनंती करणाऱ्याचे नाव नोंदवण्याची सोयच नसते, आणि पॉवरसीएफजी एवढेच सांगू शकते की कर्नलमधील, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातील, कोणीतरी जुना घटक संगणकाला जागे ठेवत आहे. यावर डिव्हाइस मॅनेजर उघडून संशयित उपकरणे एकेक करून तात्पुरती बंद करणे आणि प्रत्येक वेळी आज्ञा पुन्हा चालवून नोंद गेली का ते पाहणे, एवढाच सरळ मार्ग उरतो. सुरुवात बाहेरून जोडलेल्या गोष्टींपासून करावी: बाह्य ऑडिओ इंटरफेस, जुनी कॅप्चर किंवा टीव्ही ट्यूनर कार्डे, आणि ज्यांचे ड्रायव्हर अनेक वर्षांत बदललेले नाहीत अशी उपकरणे. काम कंटाळवाणे आहे. तरीही ‘कोठेतरी काहीतरी’ यापेक्षा ‘एक जुना ड्रायव्हर’ हे उत्तर शोधाचे क्षेत्र पुष्कळ आवळते, आणि प्रत्येक बदलाचा परिणाम अर्धा तास वाट न पाहता त्याच क्षणी तपासता येतो.

‘/रिक्वेस्ट्सओव्हरराइड’ या पर्यायाबद्दल माझे मत संमिश्र आहे. विनंती करणाऱ्याचा प्रकार, यादीत दिसते तसे त्याचे नाव आणि कोणती विनंती दुर्लक्षित करायची, हे दिले की विंडोज ती विनंती मानणे सोडून देते. कोणतेही मूल्य न देता हाच पर्याय चालवला तर आजवर केलेले असे अपवाद दिसतात, आणि विनंतीचा प्रकार न लिहिता फक्त नाव दिले तर तो अपवाद रद्द होतो. दिसायला हे अंतिम उत्तर वाटते. पण ध्वनीच्या ड्रायव्हरला असे गप्प केले, तर आपण खरोखर गाणी ऐकत असतानाही संगणक मध्येच झोपेल. ‘एसआरव्हीनेट’ला गप्प केले, तर नेटवर्कवरून चाललेला बॅकअप अर्ध्यावर तुटेल. काही महिन्यांनी या नव्या तक्रारीचे मूळ शोधताना जुना अपवाद कोणाला आठवतही नाही, आणि सेटिंग्जच्या कोणत्याही खिडकीत तो दिसत नाही. ज्या प्रोग्रॅमची विनंती निरर्थक असल्याची खात्री आहे आणि जो काढूनही टाकता येत नाही, अशा एखाद्यासाठीच हा पर्याय राखून ठेवावा.

सर्वांत त्रास देणारी स्थिती मात्र वेगळीच असते. सहाही विभागांत ‘नन’ दिसते आणि संगणक तरीही झोपत नाही. याची कारणे समजून घेतली नाहीत तर साधनावरचाच विश्वास उडतो. पहिले कारण असे की ही यादी केवळ त्या क्षणाची असते. दर दहा मिनिटांनी एखादा प्रोग्रॅम थोडा वेळ विनंती करून ती मागे घेत असेल, तर आपण पाहतो तेव्हा ती नसते. पॉवरशेलमध्ये एक छोटा लूप लिहून दर मिनिटाला वेळ आणि यादी एका फाइलला जोडत राहिल्यास हे पकडता येते. वेळ स्वतंत्रपणे लिहावी लागते, कारण पॉवरसीएफजी ती छापत नाही. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. विंडोजमध्ये ‘मी सांगेपर्यंत झोपू नको’ अशी टिकून राहणारी विनंती करता येते, तसेच निष्क्रिय वेळेचे घड्याळ एकदाच शून्यावर आणण्याची सूचनाही देता येते. पहिली यादीत दिसते, दुसरी मागे काहीच ठेवत नाही. एखादा प्रोग्रॅम ही दुसरी सूचना दर काही मिनिटांनी देत राहिला, तर घड्याळ कधीच पुढे सरकत नाही आणि यादी कोरीच राहते. तिसरे कारण सर्वांत साधे. माऊसची किंचितशी हालचालही वापरकर्त्याची हालचाल मानली जाते. चकचकीत किंवा काचेच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या ऑप्टिकल माऊसचा दर्शक स्वतःहून थरथरत असेल, तर विंडोजच्या दृष्टीने कोणीतरी सतत काम करत असते. माऊस उलटा करून ठेवणे किंवा त्याची वायर काढून स्लीपची वेळ तात्पुरती एक मिनिटावर आणून पाहणे, ही चाचणी फुकट आहे आणि ती फारच कमी जण करतात. गेम कंट्रोलर किंवा स्टिअरिंग व्हील कायम जोडलेले असेल तर त्याचीही जोडणी काढून पाहावी.

या आंधळ्या जागेवर काही अंशी इलाज विंडोज १० आणि ११ मधील ‘/सिस्टिमस्लीपडायग्नोस्टिक्स’ हा पर्याय करतो. गेल्या ३ दिवसांत वापरकर्ता संगणकापाशी नसल्याचे कोणते कालखंड नोंदले गेले आणि त्या काळात संगणक झोपला की नाही, याचा एचटीएमएल अहवाल तो तयार करतो. आपण रात्रभर संगणकाजवळ नव्हतो, पण अहवालात तो काळ गैरहजेरीचा म्हणून आलेलाच नाही, तर प्रोग्रॅमांपेक्षा माऊस-कीबोर्डाकडे आधी पाहावे. याउलट ‘/एनर्जी’ या पर्यायाची मी या कामासाठी शिफारस करणार नाही. तो ६० सेकंद निरीक्षण करून लांबलचक अहवाल देतो, त्यात लाल रंगातील त्रुटींची रांग लागते, आणि त्यांतील बऱ्याच नोंदी टायमरच्या सूक्ष्मतेसारख्या किंवा यूएसबी उपकरणे निलंबित न होण्यासारख्या, म्हणजे विजेच्या बचतीविषयीच्या असतात. झोपेच्या विनंत्यांची नोंद त्यातही असते, पण ती ‘/रिक्वेस्ट्स’मध्ये एका क्षणात मिळते. शिवाय ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमधून चालवल्यास अहवाल सहसा ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमध्ये जाऊन पडतो, आणि तो सापडेपर्यंत नवशिक्या वापरकर्त्याचा धीर संपतो.

इतर प्रणालींशी तुलना केली की पॉवरसीएफजीतील उणीव नेमकी दिसते. मॅकओएसमध्ये ‘पीएमसेट’ ही आज्ञा ‘असर्शन्स’ पर्यायासह चालवली असता प्रत्येक विनंतीसोबत ती किती वेळापासून धरून ठेवलेली आहे हेही दिसते, आणि त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. सिस्टिमडी वापरणाऱ्या लिनक्सवर ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ची यादी कोण, काय, का आणि किती सक्तीने अडवत आहे याचे सरळ रकाने देते. ‘केव्हापासून’ हा एक रकाना पॉवरसीएफजीत आला असता, तरी नुकत्याच सुरू झालेल्या अद्यतनाची विनंती आणि तीन दिवसांपासून अडकून पडलेली विनंती यांतला फरक एका दृष्टिक्षेपात कळला असता. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये असलेला जुना ‘पॉवर ट्रबलशूटर’ या तुलनेत धरण्यासारखाही नाही. तो सेटिंगच्या वेळा मूळ जागी आणतो, जागे कोण ठेवत आहे हे सांगत नाही, आणि तो ज्या व्यवस्थेवर उभा होता ती मायक्रोसॉफ्टने २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आहे. ठरावीक वेळेनंतर जबरदस्तीने स्लीप करणारी बाहेरची छोटी सॉफ्टवेअरही मिळतात. ती काम करतात, पण बॅकअप चालू आहे की नाही हे न पाहता करतात, म्हणून मी ती वापरत नाही.

पाच पैकी गुण द्यायचे तर मी ‘/रिक्वेस्ट्स’ला चार आणि संपूर्ण साधनाला तीन देईन. वजा झालेले गुण मांडणीसाठी आणि विनंती ‘केव्हापासून’ आहे हे न दाखवण्यासाठी आहेत, माहितीच्या खरेपणासाठी नाहीत.

दुरुस्ती खरोखर झाली का, हे पाहण्यासाठी पडद्याकडे टक लावून बसण्याची गरज नाही. इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘सिस्टिम’ नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर’ या स्रोताची ४२ क्रमांकाची घटना शोधावी. संगणक स्लीपमध्ये जाताना प्रत्येक वेळी ती लिहिली जाते आणि तिच्यात झोपेचे कारणही असते. तेथे ‘बटन ऑर लिड’ असेल तर कोणीतरी बटण दाबले आहे, ‘ॲप्लिकेशन एपीआय’ असेल तर एखाद्या प्रोग्रॅमच्या सांगण्यावरून किंवा मेनूतून स्लीप झाली आहे. ‘सिस्टिम आयडल’ असेल तरच संगणक आपणहून झोपला असे धरावे.